दानासाठी पट्ट्यांच्या चौकोनांची गोधडी: क्रम, मापं आणि नेहमी होणाऱ्या चुका

दानासाठी शिवलेल्या गोधड्या हातात आल्या की त्याच त्या चुका दिसतात. पट्टे तिरके गेलेले, चौकोनांचे कोपरे एकमेकांना न भिडलेले, पोटातलं (मधल्या थराचं) कापड एका कडेला गोळा झालेलं, पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यात उतरलेला. शिवणाऱ्यांची मेहनत खरी असते आणि हातही चांगला असतो. चुकतो तो कामाचा क्रम. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका.

फुलाफुलांच्या कापडात पाव इंचाची चूक खपून जाते, पट्ट्यांत ती लांबून दिसते. पण पट्टा हीच तुमची पट्टीही असते. तो नीट वापरला तर नवशिक्या हातालाही सरळ काम जमतं.

मापं मी इंचातच देते, कारण आपल्या टेपांवर आणि टेलरच्या तोंडी तीच असतात.

## १. कापडाला हात लावण्याआधी विचारा

ज्यांना गोधडी द्यायची, त्यांना तीन गोष्टी विचारा. किती हव्यात, कोणासाठी हव्यात आणि तिथे कपडे कसे धुतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहात बावीस मुली असतील आणि तुमच्याकडे अठराच गोधड्या होणार असतील, तर उरलेल्या चार होईपर्यंत थांबा किंवा लहान खोलीसाठी द्या. चौघींनी रिकाम्या हाताने बघत राहणं फार वाईट.

ऊसतोड मजुरांच्या कोपीत गोधडी जमिनीवर अंथरली जाते, हातपंपाच्या पाण्यात धुतली जाते आणि सामानाच्या गठ्ठ्यातून पुढच्या फडावर जाते. तिथे गडद रंग आणि दाट टाके हवेत. वृद्धाश्रमात वजन हलकं हवं, कारण म्हाताऱ्या माणसाला जड पांघरूण स्वतःहून बाजूला सारता येत नाही.

हिशेब असा. कापलेला चौकोन ८ × ८ इंच, चारी बाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीत आत जाणारी कड), म्हणजे शिवल्यावर दिसणारा चौकोन ७ × ७.

- मोठ्या माणसासाठी आडवे ८, उभे १२: एकूण ९६ चौकोन, गोधडी ५६ × ८४ इंच. तीन फुटी कॉटवर दोन्ही बाजूंना पुरेशी लोंबते.
- शाळकरी मुलासाठी आडवे ६, उभे ८: एकूण ४८ चौकोन, गोधडी ४२ × ५६ इंच.

तान्ह्या बाळासाठी ही जाड गोधडी शिवू नका. त्याला पातळ, दुपट्याएवढं काहीतरी पुरतं, आणि झोपलेल्या बाळावर जड पांघरूण टाकणं धोक्याचं असतं.

## २. कापड जमवा आणि निर्दयपणे गाळा

लायनिंगचे जुने शर्ट, पट्ट्यांचे पायजमे, कटपीसच्या दुकानातले शर्टिंगचे तुकडे, टेलरकडची मोठी कात्रणं हे सगळं चालतं. मोठ्या मापाच्या पूर्ण बाह्यांच्या एका शर्टातून साधारण दहा-बारा चौकोन निघतात: पाठीतून सर्वांत जास्त, बाह्यांतून सर्वांत कमी.

आता गाळणी. कापड सुती आहे की टेरिकॉट (पॉलिएस्टर मिसळलेलं), हे हाताला नेहमी कळत नाही. शिवणीतून चारदोन धागे काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख सोडतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर ते कापड बाजूला. सुती कापड धुण्यात आटतं, टेरिकॉट जवळजवळ आटत नाही. दोन्ही शेजारी शिवली की पहिल्या धुण्यानंतर शिवणीवर चुण्या कायमच्या बसतात. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. गोधडी बऱ्याचदा चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ असते, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं.

होजियरी टी-शर्टचं कापडही नको. ते ताणतं आणि चौकोनाचा चौकोन राहत नाही.

सावध: कापड उजेडासमोर धरा. कॉलरखाली, कोपराशी, काखेत ते विरलेलं असतं. दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून ताणा. जरा जरी 'चर्र' झालं तरी तो भाग काढून टाका. "दानच तर द्यायचंय" म्हणून विरलेला तुकडा घालू नका. एक चौकोन फाटला की शेजारचे चार उसवतात.

## ३. सगळं धुवा, रंग तपासा, इस्त्री करा

नवं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी साबणाने धुवा. खळ जाते आणि जेवढं आटायचं तेवढं आत्ताच आटतं. अस्तराचं आणि पोटाचं कापडही याच वेळी धुवा. नेमकं तेच बहुतेकजण विसरतात.

लाल, किरमिजी, गडद निळा आणि काळा पट्टा असलेला प्रत्येक तुकडा वेगळा तपासा. ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर कापड पुन्हा धुऊन पुन्हा तपासा. तिसऱ्यांदाही उतरला तर ते कापड या गोधडीचं नाही. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, या समजावर विसंबू नका. बाजारातल्या रंगवलेल्या कापडाला त्याचा भरवसा नसतो.

पूर्ण वाळल्यावर इस्त्री करा. इस्त्री पट्ट्याच्या दिशेने उचलून-ठेवून दाबा. तिरकी घासत नेली की पट्टा वाकडा होतो आणि तो वाकडेपणा पुढे कापणीत जातो.

## ४. साचा आणि कापणी

सगळ्या गोधडीचं नशीब इथे ठरतं. घाई करायची असेल तर पुढे कुठेही करा, इथे नको.

साचा. पुठ्ठ्याचा साचा वापरू नका. खडू आणि कात्री लागून त्याच्या कडा झिजतात, आणि शेवटचे चौकोन पहिल्यांपेक्षा लहान निघतात. सुताराकडून सनमायकाचा ८ × ८ इंचाचा तुकडा कापून घ्या. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले पाहिजेत, प्रत्येकी साधारण ११.३ इंच. एक लांब आणि एक आखूड आला तर कोपरे काटकोनात नाहीत, साचा बदला. मग साच्यावर मार्करने एक-एक इंचावर उभ्या आणि आडव्या रेघा आखून घ्या.

पट्टा विणलेला की छापलेला? कापड उलटं करून बघा. दोन्ही बाजूंनी पट्टा सारखाच गडद दिसला तर तो बहुधा विणीतला आहे, म्हणजे धाग्याबरोबर सरळ जाणारा. उलट्या बाजूने फिका दिसला तर तो छापलेला, आणि छापलेला पट्टा धाग्याला तिरका असू शकतो.

विणलेल्या पट्ट्यात काम सोपं असतं. साच्यावरची रेघ पट्ट्याच्या कडेवर तंतोतंत बसवा आणि खडूने आखा. शर्टाच्या कडेला किंवा तुकड्याच्या काठाला साचा लावू नका. टेलरने शर्टाची कड त्याच्या सोयीने कापलेली असते. तिरके पट्टे येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

छापलेल्या पट्ट्यातही साचा पट्ट्यालाच लावा, कारण डोळ्याला पट्टा दिसतो, धागा दिसत नाही. पण कापडाचा एक धागा ओढून बघा. आठ इंचांत धागा आणि पट्टा यांच्यात अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडत असेल तर ते कापड सोडा. त्या चौकोनाच्या कडा उरेबात (धाग्याला तिरक्या) जातात आणि शिवताना ताणून लांब होतात.

एका वेळी दोनच थर कापा. चार थर एकत्र कापले की खालचा सरकतो आणि त्याचा पट्टा कुठे गेला ते वरून दिसत नाही.

तपासा: दर दहा चौकोनांनंतर एक चौकोन साच्यावर ठेवा. कडा बाहेर डोकावत असतील तर खडूची रेघ जाड झाली आहे. खडू तासून घ्या.

## ५. मांडणी: एक उभा, एक आडवा

सगळे पट्टे एकाच दिशेने ठेवले तर शेजारच्या चौकोनाचा पट्टा जुळतो की नाही हे डोळा शोधत राहतो, आणि वेगवेगळ्या शर्टांतले पट्टे कधीच जुळत नाहीत. म्हणून एक चौकोन उभ्या पट्ट्यांचा, त्याच्या शेजारचा आडव्या पट्ट्यांचा, अशी चटईच्या विणीसारखी मांडणी करा. मग जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि दहा घरांतून आलेलं कापडही एकत्र नांदतं.

सगळे चौकोन जमिनीवर मांडा. रुंद पट्ट्याशेजारी बारीक पट्टा, गडदाशेजारी फिका. मग मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. गडद चौकोन एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर लगेच कळतं. रंगीत फोटोत ते लपतं.

वसतिगृहासाठी शिवत असाल तर एक कोपरा प्रत्येक गोधडीत वेगळा ठेवा, साध्या एकरंगी कापडाचा. एकसारख्या वीस गोधड्यांत मुलाला आपली ओळखता आली पाहिजे.

आता प्रत्येक चौकोनाच्या वरच्या कडेला मागून खडूने छोटा बाण काढा. मग एकेक आडवी ओळ डावीकडून उजवीकडे एकावर एक रचा आणि ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचणीने वर लावा. मांडणी सुंदर आणि शिवलेली गोधडी गोंधळलेली, असं होतं ते जमिनीपासून मशीनपर्यंत नेताना चौकोन फिरल्यामुळे.

## ६. चौकोनांची जोडणी

मशीनला १६ नंबरची नवी सुई लावा. टाका असा ठेवा की इंचाला दहाएक टाके येतील. सुईपासून अर्ध्या इंचावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवून चालवा. माया डोळ्याच्या अंदाजाने सोडू नका. प्रत्येक शिवणीत माया दोरीभर (इंचाचा आठवा भाग) जरी जास्त गेली, तरी आठ चौकोनांच्या ओळीत जवळजवळ दोन इंच कमी पडतात.

उभ्या-आडव्या मांडणीत एक अडचण असते, ती आधी समजून घ्या. कापड ताण्याच्या (विणीतल्या उभ्या धाग्यांच्या) दिशेने कमी ताणतं आणि बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने जास्त. इथे प्रत्येक शिवणीत एका चौकोनाची ताण्याची कड दुसऱ्याच्या बाण्याच्या कडेला जोडली जाते. म्हणून दोन्ही टोकांना आणि मध्ये टाचणी लावा, आणि जी कड जास्त ताणते ती खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवा. दाते खालचं कापड किंचित जास्त ओढून घेतात आणि जादा लांबी आपोआप सामावते. उलट ठेवलं तर टोकाशी चुणी येते.

आधी सगळ्या आडव्या ओळी पूर्ण करा. मग इस्त्री: पहिल्या ओळीची सगळी माया उजवीकडे, दुसरीची डावीकडे, तिसरीची पुन्हा उजवीकडे. आता दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणी समोरासमोर घट्ट बसतात आणि बोटालाही जुळल्याचं कळतं. प्रत्येक जोडावर टाचणी मारा आणि ओळी जोडा. माया उलगडून दोन्ही बाजूंना पसरू नका. जी गोधडी आपटून धुतली जाणार आहे तिची शिवण त्याने कमजोर होते.

तपासा: ओळी एकमेकींना जोडण्यापूर्वी त्या सगळ्या एकमेकींशेजारी मोजा. एखादी ओळ पाव इंचाने कमी-जास्त असेल तर टाचण्यांनी सामावता येते. अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर कुठल्या शिवणीत माया चुकली ते शोधा आणि तेवढीच उसवा. ओढून-ताणून बसवू नका.

## ७. अस्तर, पोट आणि कच्चे टाके

अस्तर वरच्या भागापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठं हवं, म्हणजे मोठ्या गोधडीला ६० × ८८ इंच. धुतलेलं मांजरपाट किंवा धड असलेली सुती साडी घ्या. पाचवारी साडीचे ८८ इंचांचे दोन तुकडे लांबीत जोडले की अस्तर सहज होतं. जोड बरोबर मधोमध आणू नका, थोडा बाजूला घ्या. घडी नेहमी मध्यावर पडते आणि कापड तिथेच आधी झिजतं.

पोटात जुन्या सुती साड्यांचे किंवा चादरींचे दोन थर, जास्तीत जास्त तीन. ब्लँकेट किंवा सोलापुरी चादर घालण्याचा मोह टाळा. सुई जात नाही, गोधडी पावसाळ्यात वाळत नाही, आणि ओली झाली की एकट्या बाईला पिळता येत नाही. पोटातले तुकडे जोडायचे असतील तर शिवण घालून गाठ करू नका. कडा अर्धा इंच एकमेकींवर चढवून सपाट कच्चा टाका घाला. दोन थरांतले जोड एकाच जागी येऊ देऊ नका. साडीचा जरीकाठ आणि फॉल आधी काढून टाका.

झाडून-पुसून कोरडी केलेली मोठी जमीन घ्या. अस्तर उलटं पसरा, चारी कोपऱ्यांवर पाट किंवा जड पुस्तकं ठेवा. त्यावर पोटाचे थर, प्रत्येक थर मधून बाहेर हाताने सारखा करत. सर्वांत वर चौकोनांचा भाग, सुलटा.

आता कच्चे टाके, म्हणजे थर जागेवर धरणारे आणि शेवटी काढून टाकायचे टाके. याची टाळाटाळ केली की पुढचं सगळं बिघडतं. गोधडीच्या मध्यावरून आधी एक उभी आणि एक आडवी ओळ घाला. मग प्रत्येक वेळी मध्यापासून कडेकडे जात चार-चार इंचांवर ओळी घाला. दोरा असा भडक रंगाचा घ्या, की काढताना एकही राहणार नाही.

तपासा: गोधडी उलटी करा आणि अस्तरावरून तळहात फिरवा. एकही चुणी हाताला लागता कामा नये. लागली तर तेवढे टाके काढून पुन्हा घाला.

## ८. धावदोरा

जाड सुती दोरा, मजबूत सुई, मधल्या बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी). दोरा हातभरच घ्या. लांब दोरा गुंततो आणि विरतो.

काठापासून फेर घेत आत जायची आपल्याकडची पद्धत आहे. ज्यांच्या हाताला ती सवय आहे त्यांनी तशीच शिवावी, सुंदर होते. नव्या हातांनी मात्र मध्यापासून सुरुवात करावी. फेर आत जाता जाता वरचं कापड नकळत पुढे सरकतं, आणि शेवटी मध्यावर जो फुगा उरतो तो कुठेच जिरवता येत नाही.

नवशिक्यांसाठी क्रम: आधी प्रत्येक शिवणीलगत पाव इंचावरून, ज्या बाजूला माया दुमडलेली नाही त्या बाजूने, उभ्या आणि आडव्या ओळी घाला. चौकोनांचं जाळं पक्कं झालं की प्रत्येक चौकोनात एक-एक इंचावर, पट्ट्याला धरून भरा. आखायला खडूची गरज नाही, पट्टाच रेघ दाखवतो. म्हणूनच मला या कामासाठी पट्ट्यांचं कापड सर्वांत आवडतं.

टाका पाव इंचाहून मोठा नको. मोठ्या टाक्यात मुलांच्या पायाची बोटं अडकतात आणि दोरा तुटतो. गाठ ओढून पोटात लपवा आणि दोरा संपताना दोन उलटे टाके घ्या. दोरा कधीही आवळू नका. ओळीवर बोट फिरवल्यावर कापड सपाट राहिलं पाहिजे, खड्डा पडता कामा नये.

चौघी-पाचजणी मिळून शिवत असाल तर टाक्यांचा आकार थोडा वेगळा येणारच, त्याने काही बिघडत नाही. एकीचा दोरा सैल आणि दुसरीचा घट्ट असेल तर मात्र गोधडी एका बाजूने आक्रसते. सुरुवातीला प्रत्येकीच्या चार ओळी बघून घ्या.

सावध: बसण्यापूर्वी सुया आणि टाचण्या मोजून द्या, उठताना मोजून परत घ्या. आकडा जुळेपर्यंत गोधडीची घडी घालू नका.

## ९. काठ

शिवून झाल्यावर गोधडी सगळीकडून थोडी आक्रसलेली असते. आत्ता कडा सरळ कापा, आधी नाही.

अस्तर पुढे दुमडून काठ करणं सोपं आहे. पण काठ सर्वांत आधी झिजतो, आणि तेव्हा अस्तरच फाटतं. वेगळी पट्टी लावली तर ती पुढेमागे काढून नवी लावता येते. तीन इंच रुंद पट्ट्या सरळ धाग्यात कापा. उरेब फक्त गोल कडांना लागतो. मोठ्या गोधडीला एकूण सुमारे २९५ इंच पट्टी लागते. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, तिच्या उघड्या कडा वरच्या बाजूने गोधडीच्या कडेला लावा आणि अर्ध्या इंचावर शिवा. कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबा, पट्टी सरळ वर दुमडा, मग खाली आणा आणि पुढची बाजू सुरू करा. शेवटी पट्टी मागे वळवून बारीक तुरपाई करा.

## १०. देण्याआधी

कच्चे टाके काढा. सगळ्या गोधडीवरून, दोन्ही बाजूंनी, लोहचुंबक फिरवा. मोजणी जुळली असली तरीही फिरवा. मग एकदा धुवा. रंग, शिवण, पोट यांपैकी जे बिघडायचं ते तुमच्या अंगणात बिघडलं पाहिजे, त्यांच्याकडे नाही. दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. घडीच्या आतला भाग गालाला लावून बघा. गार लागला तर अजून ओल आहे. डांबराच्या गोळ्या घालू नका, लहान बाळांना त्या अपायकारक असतात. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरतो.

गोधडीवर देणाऱ्याचं नाव भरू नका. रोज रात्री दुसऱ्याचं नाव पांघरून झोपायला कुणालाही लावू नये. एका कोपऱ्यात कापडी पट्टीवर "गार पाण्यात धुवा" एवढं भरलं तरी पुष्कळ.

प्रत्येक गोधडीबरोबर उरलेले दोन चौकोन, काठाच्या पट्टीचा हातभर तुकडा आणि त्याच दोऱ्याची छोटी गुंडी एका पुरचुंडीत बांधून द्या. डागडुजीला तेच लागतं. आणि वेळ सांभाळा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, म्हणजे त्यांच्या गोधड्या दसऱ्यापर्यंत तयार हव्यात. कापड उन्हाळ्यातच धुऊन ठेवलं तर पावसाळ्यात घरात बसून जोडणी होते, आणि शेवटचं धुणं ऑक्टोबरच्या उन्हात.